पट्टा कोणी काढला

"पुन्हा म्हण," मुखरू म्हणाला. "जमादारानं इचारलं, पट्टा कोणी काढला. तू काय सांगशीन?"

खाटेवर उताणा पडलेला इस्तारी वरच्या छपराच्या कवेलूंकडे पाहत राहिला. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलेला त्याचा उजवा पाय गोधड्यांच्या उंचवट्यावर ठेवलेला होता. घरात एखादा मानाचा पाहुणा यावा आणि सगळ्यांनी त्याच्या बाजूनं जपून जावं, तसा तो पाय महिनाभर त्या ओसरीवर राहत होता.

"गाववाल्याईनं," इस्तारी म्हणाला.

"असं मेल्या आवाजात नाई. ज्याच्या आंगावरचा पट्टा हिसकला तो माणूस चिडून बोलते. चिडून बोल."

"मले चीडच येत नाई भाऊ, तर कुठून आणू?"

"माया तोंडाकडे पाह्य. आपोआप येईन."

आतल्या दाराशी सोमारीला पाजत बसलेल्या कुंताला हसू फुटलं. तिनं ते पदरात दाबलं. मुखरू तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्याच्याशी थेट तोंड उघडायचं नाही, अशी चामोर्शीच्या ढिवरपुऱ्यातली, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतली, घरोघरची रीत. बोलायचंच झालं तर सासूला सांगायचं, सासू जवळ नसली तर लेकराला. त्यामुळे सोमारीला अजून दात आले नव्हते, पण घरातली एकूण एक भानगड तिच्या कानावरून गेलेली होती.

"सोमारे," कुंता म्हणाली, "तुया बाबाले सांग. मोठे बाबा म्हणते तसं म्हण म्हणा. चीड येत नसन तर नको आणू, पण नाव गाववाल्याचंच घेजो."

इस्तारीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

घडलं होतं ते साऱ्या घराला ठाऊक होतं. इस्तारी जंगलातल्या एका चौकीवर शिपाई होता. वैशाखात मोहलगट्टा नावाच्या गोंडांच्या गावी कुणा साक्षीदाराला समन्स द्यायला तो एकटाच पायी गेला. गावाच्या शिवेवर पानांची दोरी बांधलेली होती आणि दोन माणसं राखणीला बसलेली. आत बियाण्याचा पंडुम चालू होता. पेरणीच्या आधी बी देवापुढे ठेवायचं आणि ती पूजा सरेपर्यंत चामडं म्हणून गावात येऊ द्यायचं नाही, अशी त्या गावची पद्धत. दुसरा एखादा शिपाई काठी आपटून दोरी तोडून गेला असता. इस्तारीनं बूट काढले, कमरेचा पितळी बिल्ल्याचा पट्टा सोडला, दोन्ही शिवेबाहेरच्या येनाच्या झाडाला टांगले आणि अनवाणी आत गेला. समन्स दिलं. परत फिरणार तोच एका घरानं पेट घेतला. वारा सुटलेला आणि गवती छपरं एकमेकांना खेटून. शेजारच्या छपराचं गवत ओढून काढलं तर आग तिथंच थांबेल म्हणून तो वर चढला. गवत निघालं, आग थांबलीही, पण छपराची जळकी मयाल, म्हणजे आडवं लाकूड, मोडली आणि तिच्यासकट इस्तारी खाली आला. शुद्धीवर आला तेव्हा तो चांद्याला निघालेल्या बांबूच्या ट्रकात होता.

चांद्याच्या दवाखान्यात त्याच्या चौकीचा बिरजू जमादार भेटायला आला होता, तेव्हाच त्यानं रजेचा कायदा समजावून दिला होता. कामावर असताना मार लागला तर शिपायाला खास रजा मिळते. हाड जुळेपर्यंत पूर्ण पगार, जागा शाबूत, पोलीस लाईनीतली खोली शाबूत. कामावर नसताना लागला तर साधी आजारपणाची रजा, आणि ती तर इस्तारीनं गेल्या साली हिवतापातच खर्ची घातलेली. उरलीसुरली संपली की बिनपगारी. त्यानंतरही पाय उभा राहिला नाही तर डॉक्टर नालायक लिहिणार आणि नोकरी जाणार. आग विझवणं शिपायाच्या कामातच धरतात, त्याबद्दल वाद नव्हता. वाद होता पट्ट्याचा. ज्याच्या अंगावर पट्टा नाही, तो शिपाई कामावर होता असं वरच्यांनी कशावरून मानायचं? पट्टा गाववाल्यांनी जबरीनं काढून घेतला असं जबानीत आलं की मात्र सगळा गुंता सुटत होता. ती जबानी घ्यायला जमादार आज येणार होता.

"आन गाववाल्याईवर केस होईन त्याचं काय?" अंगणातून कमळा म्हणाली. कमळा मुखरूची बायको. राखेनं मांगूर मासे घासताना तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. "सुकट इकाले त्या जंगलात मले जावं लागते, जमादाराले नाई. एका गावात ही गोठ गेली का साऱ्या गावाईत जाईन. कोणी दारात उभं करन का मंग?"

"तुया सुकटीपाई मी भावाची नोकरी घालवू?"

"माया सुकटीवरच हे घर चालते. इसरले का?"

"बरोबर आहे बाई," सासू गुणाबाई जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाली.

"माय, आता तू मले बरोबर म्हणत होती ना?"

"तू बी बरोबरच आहेस बाप्पा. तुया भावाची नोकरी गेली तर कसं होईन?"

जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूनं गुणाबाई जात असे. नवरा गेल्यापासून घर टिकवायची तिला तेवढीच युक्ती सापडली होती, आणि आजवर घर टिकलंही होतं.

सोमारी पिता पिता झोपली. कुंतानं तिला खांद्यावर घेतलं, पण झोळीत टाकायला ती उठली नाही. लेकराच्या गरम श्वासानं मानेवरचे केस ओले होत होते. तिच्या डोळ्यांपुढे लाईनीतली खोली आली. एक दार, एक खिडकी, खिडकीत चुन्यानं पांढरा केलेला कोनाडा. लग्न होऊन आली तेव्हा त्या दाराची किल्ली इस्तारीनं तिच्या हातात ठेवली होती. तोवर तिनं स्वतःची म्हणावी अशी किल्ली कधी पाहिलीच नव्हती. तिच्या माहेरच्या दाराला कडीही नव्हती. त्या खोलीत सोमारी रांगली असती. पुढे शेजारणीच्या पोरींबरोबर शाळेतही गेली असती. मोहलगट्टा कुठे आहे हे कुंताला माहीत नव्हतं. तिथल्या एकाही माणसाचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. मग त्यांच्यापायी सोमारीनं काय म्हणून...? हा विचार ती आजवर तोडून टाकत आली होती. आज तिनं तो पुरा केला, आणि तो तिला बरोबर वाटला.

दुपारी सायकल ढकलत जमादार आला. ऊन मी म्हणत होतं. त्यानं पगडी काढून मांडीवर ठेवली, मडक्यातलं पाणी प्यायला आणि इस्तारीच्या प्लास्टरवर बोटानं टकटक केलं.

"क्या रे, टांग काही बोलते का?"

"खाजवते साहेब. आत हात जात नाई."

"खाजवते म्हणजे हाड जुडून राह्यलं. चांगली गोष्ट आहे." बिरजू जमादार मूळचा उत्तरेकडचा. पण नोकरीतले केस या मुलखात पिकल्यामुळे त्याच्या तोंडात दोन्ही भाषा एकाच थाळीत वाढल्यासारख्या असत. "पाह्य मुखरू, मी निवृत्तीला आलो. माझ्या हाताखालचं एक पोरगं लंगडं झालं आणि घरी बसलं, असं मला मागं ठेवून जायचं नाही. कागद आज लिहू. उद्याच्या मोटारीनं चांद्याला जाईन."

"लिहा साहेब. पोट्टा तयार आहे," मुखरू म्हणाला.

"पोट्ट्याला बोलू दे."

इस्तारी काही बोलण्याआधीच बांबूच्या कुंपणापाशी कोणी तरी खाकरलं. कमरेला पंचा आणि खांद्यावर काठी घेतलेला एक उतार वयाचा माणूस उभा होता. काठीच्या टोकाला पळसाच्या पानांनी बांधलेलं गाठोडं लटकत होतं.

"इस्तारी दादाचं घर हेच का?"

"कुठचे तुमी?" गुणाबाईनं विचारलं.

"मोहलगट्ट्याचा. लटारू. बाजाराले आलो होतो."

कमळाच्या हातातला मांगूर निसटून राखेत पडला. लटारू आत आला, खाली बसला आणि त्यानं गाठोडं सोडलं. आत बूट होते आणि पट्टा होता. मुंग्या लागू नयेत म्हणून दोन्हींना राख चोळलेली होती.

"झाडालेच होते," तो इस्तारीला म्हणाला. "आमी हात नाई लावला. राखण केली. सारं झाल्यावर काढले. पाय चालन ना दादा?"

"चालन," इस्तारी म्हणाला.

जमादारानं पट्टा उचलला, राख झटकली आणि बिल्ल्यावरचा नंबर पाहिला. "वा! मुद्देमाल आपल्या पायानं चालत आला." मग लटारूकडे पाहून तो मऊ आवाजात म्हणाला, "तिकडं सावलीत बस बाबा. विचारल्याबिगर जाऊ नको."

लटारूला त्या शब्दांत काही वावगं दिसलं नाही. तो परसात शेवग्याखाली जाऊन बसला. "दूरून आलेला माणूस आहे, भात तरी दे त्याले," गुणाबाई पुटपुटली, आणि कुंता ताट घेऊन मागं गेली. भात, त्यावर मरळीचा रस्सा. सोमारी जागी झाली होती, ती कडेवर.

"तुयी का?" लटारूनं लेकराकडे बोट केलं.

"हो."

"बापावर गेली. कान तसेच आहेत." त्यानं भात कालवला. "आमाले लवकर येता आलं नाई, बाई. पंडुम पुन्हा घालावा लागला."

"काऊन?"

"मोडला ना." त्यानं घास घेतला, काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "बी देवापुढं असते तेव्हा गावच्या माणसानं शिव ओलांडायची नसते. ओलांडली का सारं मोडते. तुया माणसाले खाटेवर घालून आमी चौघं शिवेपार गेलो. नाई तर सडकेपर्यंत कोण नेईन? पुजारी म्हणे, माणूस मरू देता का? उचला. मग साऱ्या गावानं पुन्हा बी ठेवलं. पुन्हा कोंबडं, पुन्हा उपास. पेरणी मागं पडली थोडी." तो थांबला. "रस्सा चांगला आहे. मरळ ना?"

"मरळ," कुंता म्हणाली.

"आमच्याकडं नाल्यात बारकी भेटते."

ती लेकराला कडेवर घेऊन तशीच उभी राहिली. त्यानं आणखी भात मागितला नव्हता आणि ती तिथून हलत नव्हती. इस्तारीनं हे सांगितलं नव्हतं. तो बेशुद्ध होता, त्याला कुठून ठाऊक असणार? दवाखान्यात तो तिला एवढंच म्हणाला होता, पट्टा मी काढला कुंता, काढला नसता तर आत जाता आलं नसतं. ते ऐकून ती त्याच्यावर रडली होती, की आपल्या लेकरापेक्षा तुमाले कोणाचा देव मोठा झाला. आणि इकडे तो देव ज्यांचा होता त्यांनी त्याला बाजूला ठेवून तिच्या नवऱ्याला खांद्यावर घेतलं होतं. ज्या नेमासाठी इस्तारीनं बूट काढले, तोच त्यांनी त्याच्यासाठी मोडला होता. आता हा माणूस तिच्या हातचा भात खात बसला होता, आणि घरापुढे जमादार त्याला न्यायला बसला होता.

कमळा परसात आली. राखेचे हात तिनं धुतले नव्हते. कुंताला तिनं भिंतीच्या आड ओढलं.

"कुंते, मी सकाळी बोलली ते सोड. जमादार म्हणते तसंच होऊ दे."

"बाई, सकाळी तर तुमी..."

"सकाळी मले काय ठाऊक? जमादार म्हणते, रजा नामंजूर झाली तर खोली सोडा लागन. तुमी तिघं इथीच..." ती वाईट बाई नव्हती. बाळंतपणात तिनंच कुंताला शेकलं होतं, न्हाऊ घातलं होतं. पण रोज सकाळी तांदळाच्या हंडीत हात घालायची ती, आणि हात किती खोल जातो हे तिलाच ठाऊक होतं.

"आन लटारूले नेतीन ना आज?" कुंतानं विचारलं.

"नेतीन. ठेवतीन थोडे दिवस. मंग सोडतीन."

"सोडतीन का?"

कमळानं लटारूकडे पाहिलं. तो ताटात पाणी ओतून शितं गोळा करून पीत होता.

ओसरीवर जमादारानं लिहायला घेतलं होतं. नाव, नंबर, चौकी, कोणत्या कामाला निघाला, सगळं झालं. कुंता आतल्या दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा त्यानं टाक दौतीत बुडवला.

"आता सांग. पट्टा कोणी काढला?"

इस्तारीनं भावाकडे पाहिलं. मुखरूच्या जबड्याच्या शिरा ताणलेल्या. इस्तारीचे ओठ हलले.

"सोमारे," कुंता मोठ्यानं म्हणाली, "तुया बाबाले सांग. माय सकाळी बोलली ते तिनं परत घेतलं म्हणा."

जमादारानं मान वर केली. "ये क्या है? कोण सोमारे?"

"माई नात," गुणाबाई म्हणाली.

मुखरूनं कुंताकडे न पाहता कडेवरच्या लेकराकडे बोट रोखलं. "सोमारे! तुया मायले सांग, इथी घर बुडून राह्यलं आहे. मधात नको येऊ म्हणा."

"सोमारे, मोठ्या बाबाले सांग, घर बुडते हे मले बी दिसते. पण दुसऱ्याचं घर बुडवून आपलं तरत नसते."

"सोमारे, तुया मायले इचार, मंग सकाळी हे ग्यान कुठी गेलतं?"

सोमारीला हा खेळ भलताच आवडला. ती एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत खिदळायला लागली. टाकावरची शाई कागदावर टपकेल म्हणून जमादारानं तो दौतीत परत ठेवला.

"सकाळी ठाऊक नव्हतं, भाऊ!" कुंता म्हणाली. "त्याईनं पंडुम मोडला. ह्याईले खाटेवर घालून शिव ओलांडली. आपल्या माणसासाठी त्याईनं आपला देव पुन्हा मांडला, पेरणी मागं टाकली. तो मागं बसला आहे माणूस, इचारा त्याले."

ते शब्द सोमारीला सांगितले नव्हते. गुणाबाईनं तोंडावर हात ठेवला. लग्न होऊन आल्यापासून भासऱ्याला उद्देशून कुंता पहिल्यांदाच बोलली होती आणि त्याला हाक काय मारायची तेही तिनं बोलता बोलताच ठरवलं होतं. मुखरू इतका गडबडला की त्यानं नजर जमिनीवर टाकली, जणू पदर त्याचाच ढळला होता.

"लटारू!" इस्तारीनं खाटेवरूनच हाक दिली. "खरं का गा हे?"

लटारू हात पुसत पुढच्या अंगणात आला. "काय खरं दादा?"

"मायापाई पंडुम मोडला?"

"झाला ना आता," लटारू म्हणाला. "चांगला झाला पुन्हा."

इस्तारी कोपरांवर भार देऊन जमेल तेवढा उठून बसला. पाय हलल्याची कळ त्याच्या तोंडावर उमटली. गुणाबाई धावली, त्यानं तिला हातानंच थांबवलं.

"लिवा साहेब. पट्टा मी काढला. बूट बी. आपल्या हातानं."

"इस्तारी, सोच ले," जमादार हळू आवाजात म्हणाला. "आपल्या हातानं पट्टा उतरवला म्हणजे आपल्या हातानं ड्यूटी उतरवली, असा अर्थ काढतील. खास रजा गेली समज."

"पट्टा बांधून गेलो असतो तर शिवेवरूनच परतलो असतो, नाई तर काठी चालवली असती. मंग समन्स कोणाले लागलं असतं? मले समन्स द्याले धाडलं होतं, ते मी देल्लं. हे बी लिवा."

जमादारानं मुखरूकडे पाहिलं. मुखरू उठला, कुंपणाचं फाटक ढकलून बाहेर निघून गेला. बाहेरच्या वाळत्या जाळ्याला त्याचा पाय अडकला आणि त्यानं जाळ्याला शिवी दिली, ती सगळ्यांनी ऐकली.

जमादारानं लिहिलं. इस्तारीनं सांगितलं तसं, त्याच्याच शब्दांत. आगीचं लिहिलं, छपराचं लिहिलं, गाववाल्यांनी उचलून आणल्याचं लिहिलं. मग सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. इस्तारीनं सही केली, लटारूनं साक्षीचा अंगठा उमटवला.

"मी आपल्याकडून शिफारस जोडतो," कागदावर फुंकर घालत जमादार म्हणाला. "शिपायानं डोकं वापरून काम केलं असं लिहितो. पण वरचा माणूस चांद्याला बसलेला आहे, त्याला मोहलगट्ट्याची शिव दिसत नाही. निकाल येईपर्यंत साधी रजा धरतील, आणि ती थोडी उरली आहे. बाई," तो कुंताकडे वळला, "खोलीचं खोटं सांगत नाही. इस्तारीच्या जागी बदलीवर माणूस आला की खोली त्याला द्यावी लागेल. सामान मी बैलबंडीनं पाठवीन."

"हो," कुंता म्हणाली.

पट्टा आणि बूट सरकारजमा करायचे म्हणून त्यानं सायकलच्या कॅरिअरला बांधले. फाटकापाशी त्यानं लटारूच्या पाठीवर थाप मारली. "जा बाबा. बाजार उठायच्या आत मीठ घे." लटारू गेला. आपण कशातून सुटलो हे त्याला कोणी सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखं ते नव्हतंही.

दिवस कलला तरी मुखरू परतला नाही. कमळानं चूल पेटवली. तांदूळ काढताना हंडीचा तळ खरडल्याचा आवाज झाला, आणि तो आवाज मुद्दाम केलेला नाही हे कुंताला ओळखू आलं, म्हणून तो जास्तच लागला. सोमारीला गुणाबाईच्या मांडीवर देऊन ती खाटेशी गेली. प्लास्टरच्या तोंडाशी एरंडाची बारीक काडी घालून तिनं इस्तारीचा पाय आतून खाजवून दिला. त्यानं सुखानं डोळे मिटले.

"किल्ली देजो जमादाराले," तो म्हणाला. "बंडी येईन तेव्हा."

"देईन."

"दुसरी भेटन."

"भेटन नाई तर नाई भेटन," कुंता म्हणाली. "वर आहे का अजून खाज, का खाली?"

"खाली."

दिवे लागताना मुखरू आला. त्यानं पाय धुतले, ओसरीच्या कडेला बसला, फाटलेलं जाळं मांडीवर ओढून सुई चालवायला लागला. कमळानं ताटं वाढली. तरी तो उठला नाही.

"आता खाणारी तोंडं किती न् पाण्यात उतरणारा माणूस एक," जाळ्याकडे पाहत तो म्हणाला. "कसं करायचं ते सांगा कोणी."

गुणाबाई कोणाच्या बाजूनं बोलावं ते कळेना म्हणून गप्प राहिली.

कुंतानं पदर पुढे ओढला. दुपारचं धाडस आता तिच्यात उरलं नव्हतं, रीत परत आली होती. "माय," ती सासूला म्हणाली, "येत्या बाजाराले बाईसंग मी जातो मच्छी घेऊन. टोपलं माया डोक्याले नवीन नाई."

"शिपायाची बायको मच्छी बाजारात बसन?" गुणाबाईच्या तोंडून निघालं.

"बसन."

चुलीपाशी कमळाचा हात थांबला. तिनं कुंताकडे पाहिलं, मग कुंताच्या ताटात भात वाढला, पळी भरून.

मुखरूनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. जाळं बाजूला ठेवलं. कपाळाला आठ्या घालून तो आईकडे वळला.

"माय," मुखरू म्हणाला, "तिले सांग, पहिल्या बाजाराले मी मांगूर नाई देत. झिंगे देतो. ह्या शिपाईणीची सवय मोडली असन. मांगुराचा काटा भरला हातात, तर तिले कोणती रजा भेटन, खास का साधी?"

आधी कमळा हसली. मग गुणाबाई, आणि तिच्या मांडीवरची सोमारी, नुसतं आजीचं पोट हललं म्हणून. इस्तारी इतका हसला की प्लास्टर गोधडीवरून घसरलं आणि हसता हसताच तो ओरडला. त्याचा पाय सावरायला सगळ्यांच्या आधी मुखरू उठला.